केरबा आल्याचा आवाज

१

कुंडलहून पलूसकडं जाणाऱ्या गाडीवाटेला लागून बनुबाईचा मळा होता. मळ्यातच घर. पुढं अंगण, मग फरशी घातलेला सोपा, मग माजघर आणि त्याच्या पोटात चूल. गाव लांब, त्यामुळं येणारं-जाणारं माणूस कमी. जे कोणी यायचं ते आधी काजळ्याला कळायचं, मग बनुबाईला, आणि सगळ्यात शेवटी तिच्या डोळस सुनेला.

बनुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दारात कुणी उभं राहिलं तर समोरचा उजेड कमी व्हायचा, एवढंच तिला समजे. उभं कोण राहिलंय ते काजळ्या सांगायचा. मळकट पांढरं कुत्रं, पण दोन्ही डोळ्यांभोवती काळं कुळकुळीत, कुणी बोटानं काजळ ओढावं तसं. दिवसभर बनुबाई सोप्याच्या खांबाला टेकून शेंगा फोडायची नाहीतर वाती वळायची, आणि काजळ्या उंबऱ्यात पडून असायचा.

परका माणूस आला की तो अंगणात उभा राहून भुंके. मधेच थांबे, पुन्हा भुंके. उत्तराची वाट बघितल्यासारखा. वाटेवर दुसरं कुत्रं दिसलं तर भुंकणं पळत पळत उसाच्या कडेनं लांब जाई. लांबडं, म्हणजे साप, निघालं की एका जागी पाय रोवून, वरच्या पट्टीत, दम न घेता. अशा वेळी बनुबाई पाय पोटाशी घेऊन बसल्या जागी गप राही. शेजारच्या मळ्यातला कोंडीबा आला की एकच भुंकणं, तेही न भुंकलं तर बरं दिसणार नाही म्हणून. सून अनसूया वैरणीचा भारा घेऊन आली की एक शिंक, आणि खांबावर शेपटीची ठपठप.

आणि बनुबाईचा लेक केरबा आला की काजळ्या भुंकतच नसे. घशातल्या घशात बिजागरी कुरकुरावी तसा एक बारीक, लांब आवाज काढायचा. मग फरशीवर नखं वाजवत स्वतःभोवती एक गिरकी. मग धपकन खाली बसायचा. हा आवाज त्यानं दुसऱ्या कुणासाठी कधी काढला नाही. पिल्लू असताना त्याला सदऱ्यात घालून केरबानंच घरी आणलं होतं, आणि पुढं वर्षभरानं तो पलटणीत भरती होऊन गेला होता.

लढाई संपल्यावर, दिवाळीच्या सुमाराला केरबा ब्रह्मदेशातून परत आला. तो पाटाच्या वळणावर असेल-नसेल तेवढ्यात काजळ्यानं घशात तो आवाज काढला. इतकी वर्षं मधे गेली होती, तरी बनुबाईला ओळखायला पळभरही वेळ लागला नाही. हातातलं सूप तसंच खाली ठेवून ती उठली आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली, "अनसूया, भाईर ये. केरबा आला."

२

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. दुपार कलली होती. बनुबाई खांबाला टेकून बसली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर केरबा घायपाताच्या वाखाचा दोर वळत होता. वाख मांडीवर घासल्याचा आवाज येत होता, मधेच तो तळहाताला थुंकी लावत होता. बोलणं फारसं नव्हतं. लढाईवरून आल्यापासून केरबा कमीच बोलायचा.

उंबऱ्यात काजळ्या उठला. घशात तो बारीक, लांब आवाज झाला. नखं वाजली, गिरकी झाली आणि काजळ्या धपकन बसला.

"अनसूया," बनुबाईनं सवयीनं हाक मारली, "भाकरीचं बघ गं. केरबा आला."

वाखाचा आवाज थांबला.

"आये," शेजारून केरबा म्हणाला, "मी हितंच हाय की."

बनुबाईला हसू आलं. डोळे गेले ते गेले, आता डोकंही चाललं म्हणायचं. अनसूयाही आतून हसली. कुत्र्याला स्वप्न पडलं असेल, असं बनुबाई म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. कुत्री झोपेत पाय हलवतात, कण्हतात, हे कुणी बघितलेलं नसतं?

केरबा मात्र हसल्याचं तिला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं वाख पुन्हा मांडीवर घासायला लागला.

झोपलेलं कुत्रं गिरकी घेत नाही, हे बनुबाईला नंतर सुचलं, आणि सुचल्यावर तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

३

मग ते वरचेवर व्हायला लागलं. वेळ साधारण तीच, उन्हं सोप्यात तिरकी येण्याची. कधी केरबा रानात असे, कधी गोठ्यात, कधी समोर बसलेला. काजळ्याला त्याचं काही नव्हतं. तो उठायचा, उंबऱ्यात कुणाला तरी सामोरा जायचा, आणि मग नुसता बसून राहायचा नाही, आत यायचा. बनुबाईला ती वाट कानांनी पाठ झाली. शेपटी आधी दाराच्या चौकटीला लागायची, मग खांबाला, मग धान्याच्या कणगीच्या कुडाला. कणगीच्या पलीकडं भिंतीला लागून बाजलं होतं. तिथं काजळ्या थांबायचा, एक मोठा श्वास सोडून अंग टाकायचा, आणि पायाशी कुणी बसलेलं असावं तसा निवांत व्हायचा.

"अनसूया, बाजल्यावर कोन हाय का गं?"

"कोन न्हाई, आत्याबाई."

"मग काजळ्या काय करतोय?"

अनसूयेनं बाजल्याकडं बघितलं. "मान वर करून बसलाय," ती म्हणाली. "हनवटीखाली कुनी खाजवलं की करतो न्हवं, तसा."

एवढं सांगून ती आत गेली आणि नंतर तिनं त्या वेळी सोप्यात यायचं टाळायला सुरुवात केली.

इकडं काजळ्या केरबाला एकदा भुंकला. कोंडीबाला भुंकायचा तसा, एकदाच. केरबानं "काय रं," म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढं आठवडाभरात ते भुंकणं बदललं. केरबा बैलं घेऊन यायचा आणि काजळ्या अंगणात पाय रोवून उभा राहायचा, भुंकायचा, थांबायचा, पुन्हा भुंकायचा. दात काढायचा नाही की अंगावर जायचा नाही. परक्या माणसाला विचारतात तसं नुसतं विचारायचा. आणि केरबा तिथंच, स्वतःच्या अंगणात, बैलांचे कासरे हातात धरून थांबायचा, आतून कुणीतरी "ये" म्हणेपर्यंत.

बनुबाईनं एकदा कोंडीबाला विचारलं. कोंडीबा आधीच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला.

"वैनी, त्यात काय न्हाई," तो म्हणाला. "लढाईवरनं आल्यालं मानूस वासानं बदलतंय. मी आलो तवा आमची म्हस मला उभं करून घेत न्हवती. दिवाळी ते शिमगा धार काढाय दिली न्हाई."

"मग पुढं दिली?"

"दिली की. जनावराला उशिरा कळतंय."

बनुबाईला बरं वाटलं. म्हशीचं खरं असेल तर कुत्र्याचंही खरं असणार. पण कोंडीबा गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की काजळ्या केरबाला आल्या दिवशी ओळखत होता. विसरायला लागला तो मागाहून. आणि म्हशीनं कोंडीबाला नाकारलं होतं खरं. पण त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तिनं कोंडीबा मानलं नव्हतं.

४

एका रविवारी तिनं केरबाला डोक्याला तेल लावून देते म्हणून पुढ्यात बसवून घेतलं. तेल जिरवता जिरवता तिची बोटं कपाळावर उतरली. डाव्या भुवईत गुऱ्हाळाच्या चरकाची लागलेली खोक होती, तिच्यावर केस उगवत नसत. ती होती. उजव्या कानाची पाळी चिकटलेली, बापासारखी. तीही होती. गालाची हाडं वर आली होती, पण ती लढाईनं.

"काय चाचपतीयास, आये?"

"वाळलास का बघते."

केरबा म्हणाला, "मीच हाय, आये."

बनुबाईचा हात त्याच्या डोक्यावर थांबला. तिनं विचारलं नव्हतं. असलं काही आपण तोंडातून काढलेलं नाही, हे तिनं मनातल्या मनात पुन्हा तपासून बघितलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पोटचं पोर गोळ्यांतून जगून आलं, आणि आपण कुत्र्याच्या भुंकण्यावरून त्याची खोक मोजतोय. तिनं त्याच्या केसांतून पुन्हा बोटं फिरवली आणि पुढचा भांग पाडून दिला.

त्याच आठवड्यात केरबा म्हणाला, काजळ्याला पलूसला ठेवू. अनसूयेचा भाऊ बाळासो तिथं राहत होता, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. केरबा रागावून बोलला नाही. जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात बोलला.

"मला त्येच्याबिगर कसं कळायचं, कोन आलं कोन गेलं?" बनुबाई म्हणाली.

"अनसूया हाय. मी हाय."

दुसऱ्या दिवशी बाळासो आला आणि काजळ्याला दोरीला बांधून घेऊन गेला. काजळ्या ओरडला नाही. वाटेवर लांबवर बाळासोनं त्याच्या गळ्यात बांधलेलं घुंगरू वाजत राहिलं, आणि मग तेही थांबलं.

घर मुकं झालं. कोंडीबा येऊन समोर बसायचा तेव्हा बनुबाई दचकायची. आणि उन्हं तिरकी झाली की तिचे हात आपोआप थांबायचे. ती कान देऊन बसायची. काही ऐकू यायचं नाही. येणारं यायचं थांबलं असेल, असं ती स्वतःला सांगायची. पण कधीकधी समोरचा उजेड, ढग आल्यासारखा, जरासा कमी व्हायचा आणि पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा. आणि मग तिला वाटायचं, थांबलं काहीच नसेल. आपल्याला कळायचं तेवढं थांबलं असेल.

तेव्हा ती होऊन केरबाला म्हणाली, "मला मिरजेला ने. डोळं करून घ्येते."

५

आगगाडीत त्यानं तिला खिडकीपासून आत बसवलं, कोळशाचा कण डोळ्यांत जाऊ नये म्हणून. दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोकं हलू नये म्हणून दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवलं होतं, तेवढे दिवस केरबा खाटेपासून हलला नाही. पातळ पेज चमच्यानं भरवायचा. माश्या वारायचा. शेजारच्या खाटेवरच्या वाईच्या बाई म्हणाल्या, "नशीबवान आहात हो. आमचे चिरंजीव येतात आणि घड्याळ बघतात."

पट्टीच्या अंधारात पडल्या पडल्या बनुबाईनं मनाशी पक्कं केलं. भरवणारा हात लेकाचा आहे. याच्यापुढं कुत्र्याची साक्ष काय घेऊन बसायचं. घरी गेल्यावर कोण येतं कोण जातं ते आपण आपल्या डोळ्यांनी बघू, आणि तिथं कुणी नसेल, आणि विषय मिटेल.

पट्ट्या सुटल्या. जाड भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढला. आधी उजेडाचा लोळ आला, मग त्यातून एक चेहरा बाहेर आला. भुवईतली खोक, बापाचा कान, वर आलेली हाडं. केरबाच. जाताना होता त्याहून थकलेला, पण केरबाच. बनुबाईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडली. डॉक्टर म्हणाले, रडायचं नाही, डोळ्यांवर ताण येतो. सरळ वस्तू काही दिवस वाकड्या दिसतील, जमीन वर आल्यासारखी वाटेल, घाबरायचं नाही.

केरबा हसला. परत आल्यापासून बनुबाईनं त्याचं हसू पहिल्यांदाच बघितलं, आणि डोळे केल्याचं सार्थक झालं असं तिला वाटलं.

६

ठेसनावरून कोंडीबाच्या छकड्यातून ती घरी आली तेव्हा उसाचे तुरे वाळले होते. तिनं ते बघितले, पाटाचं पाणी बघितलं. अंगणात काजळ्या बसला होता. गळ्यात दोरीचा चावून तोडलेला तुकडा.

"सकाळीच आलाय," अनसूया म्हणाली. "हाकलला तरी जाईना."

केरबानं एकदा काजळ्याकडं बघितलं. त्यानं आईला हात देऊन खाली उतरवलं आणि तो बैलांना पाणी पाजायला विहिरीकडं निघून गेला.

बनुबाई खांबाला टेकून बसली. घर कानांनी जेवढं मोठं वाटायचं तेवढं ते नव्हतं. कणगी जवळ होती, बाजलं त्याहून जवळ. उन्हं तिरकी होऊन फरशीवर आली. फरशी मधेच फुगल्यासारखी दिसत होती, खांब वाकलेला दिसत होता. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

उंबऱ्यात काजळ्या उठला.

घशात तो आवाज झाला. बनुबाईनं मान वळवली. आता तिला बघता येत होतं. दार मोकळं होतं. अंगण मोकळं होतं. काजळ्यानं गिरकी घेतली आणि तो धपकन बसला, आणि तिथंच, कुणी नसलेल्या दारात, त्याचे दोन्ही कान मागं दाबले गेले. मानेवरचे केस खाली बसले. चार बोटं फिरावीत तशा चार रेघा केसांतून मागं सरकत गेल्या आणि केस पुन्हा उभे राहिले. काजळ्यानं डोळे मिटले.

बनुबाईनं चष्मा काढला. पदरानं दोन्ही भिंगं पुसली. पुन्हा चढवला.

काजळ्या कुणाच्या तरी पायापायानं चालत आत येत होता. शेपटी चौकटीला लागली, खांबाला लागली; बनुबाईच्या गुडघ्याला तिचा वारा लागला. कणगीला लागली. मग बाजल्याची सुंभं करकरली, आणि मधोमध खोलगट झाली.

तिला ओरडावंसं वाटलं नाही. आपण का ओरडत नाही, याचंच तिला नवल वाटलं. खालची फरशी गार होती, गोठ्यात वासरू हंबरत होतं, चुलीवर काहीतरी रटरटत होतं. भिंगांमुळं असेल, ती मनात म्हणाली. नवीन भिंगं आहेत. सरळ वस्तू वाकडी दिसते.

दारातला उजेड कमी झाला. केरबा आला होता, पायावर विहिरीचं पाणी, खांद्यावर कासरा. काजळ्या त्याला भुंकला नाही. त्यानं नुसती मान उचलली, आणि केरबाकडून बाजल्याकडं आणि बाजल्याकडून केरबाकडं बघितलं.

केरबा आईकडं बघत नव्हता. तो बाजल्याकडं बघत होता, आणि मोकळ्या जागेकडं माणूस बघतो तसं बघत नव्हता. त्याची नजर एका उंचीवर थांबली होती; बसलेल्या माणसाचं तोंड जिथं असतं तिथं.

"आलास व्हय," तो म्हणाला.

आवाजात भीती नव्हती की नवल नव्हतं. वाट बघून दमलेल्या माणसाचा तो आवाज होता. कासरा त्यानं खुंटीला अडकवला, आणि बाजल्यापासून जरा अंतर राखून, भिंतीला पाठ लावून तो खाली बसला. आपल्या घरात पाहुण्यानं बसावं तसा.

बनुबाईला विचारता आलं असतं. तिकडं लांबवर, कुठल्या रानात, काय झालं रं बाबा, म्हणून. काय मागं राहिलं आणि काय पुढं आलं, म्हणून. तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. भुवईतली खोक. तिला आठवलं, मिरजेला पट्टीच्या अंधारात पेजेचा चमचा ओठांना लागायच्या आधी त्यानं प्रत्येक वेळी फुंकर घातली होती.

ती खांबाला धरून उठली.

"अनसूया," तिनं आत हाक दिली, "जेवाय वाढ. दिवस हाय तवरच जेवून घेऊ."

अनसूया माजघराच्या दारात उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं. हातातल्या ताटांकडं तिनं बघितलं आणि मग सासूकडं.

"आनखी एक ताट घे," बनुबाई म्हणाली.

अनसूयेनं घेतलं. केरबापुढं एक मांडलं, बाजल्यापुढं एक मांडलं. बाजल्यापुढं मांडताना ताट फरशीवर जरा वाजलं. भाकरी वाढून झाल्यावर ती सासूजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, बाजल्याफुडचं ताट कुनाचं म्हनायचं?"

"केरबाचं."

"आन् ह्यांच्या फुडचं?"

"त्येबी केरबाचंच," बनुबाई म्हणाली. "कालवन वाढ."

अनसूयेनं दोन्ही ताटांत कालवण वाढलं, सारखं सारखं. काजळ्या दोन ताटांच्या मधे हनुवटी फरशीवर टेकून पडला होता. केरबानं हात धुतला, भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो तसाच ताटावर धरून थांबला. समोरच्यानं आधी घास घ्यावा म्हणून माणूस थांबतो, तसा.